नावेतलं डोहाळजेवण

साउथहॅम्प्टन,
शुक्रवार, देवपूजा आटोपल्यावर

प्रिय मालविकाताई,

पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, तेव्हा आधी सांगते. मी मधुमती, शाल्मलीची सासू. खरं तर याच्याही आधी लिहायला हवं होतं की शाल्मली बरी आहे, बाळ बरं आहे, सातवा लागलाय, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. परदेशाचा शिक्का असलेलं पत्र हातात पडलं की आपल्या वयाच्या बायकांना आधी वाईटच सुचतं. आता सावकाश वाचा. दवाखान्यात असाल तर ठेवून द्या, पेशंट संपवून घरी गेल्यावर उघडा.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोनवर आपण दोघी दिवाळीला आणि पाडव्याला बोलतो. कशा आहात, मजेत, थंडी आहे का, आहे की, एवढं झालं की दोघींनाही सुटल्यासारखं होतं. मोबाइलवर मेसेज टाकला असता तर त्या दोन निळ्या खुणा उमटल्या का हे बघता बघता माझी भाजी करपली असती. शिवाय सांगायचंय ते एकाच दिवसाचं असलं तरी लांबलचक आहे. मी नुसती मॅट्रिक, रोजचा खर्च लिहिण्यापलीकडे हातात पेन धरत नाही, म्हणून मुद्देसूद जमणार नाही. आठवेल तसं लिहिते.

तुम्हाला ठाऊक आहे ते आणि नाही ते, दोन्ही लिहावं लागेल. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा तिचं गेलं, तेव्हा तिने पहिला फोन तुम्हाला केला होता. मी पेजेचा वाडगा घेऊन शेजारीच बसले होते. तुम्ही म्हणालात, ही निसर्गाची निवड असते, तुझ्या हातात काही नव्हतं, दोन-तीन महिने जाऊ देत, मग पुन्हा बघा. मग ओपीडी भरलीय म्हणून फोन ठेवलात. तिने मोबाइल उशीवर टाकला आणि म्हणाली, 'मी आईला फोन केला होता. डॉक्टरीणबाईंना नाही.' त्यानंतर तिने आपणहून तुम्हाला फोन केला नाही, आणि तुमचा आला की ड्यूटीचं निमित्त सांगून स्वानंदच्या हातात दिला. या खेपेला दिवस राहिल्याचंही स्वानंदनेच पाचव्या महिन्यात कळवलं आणि तुमचं उत्तर आलं, 'काळजी घ्या.' मी यात कोणाचीच बाजू घेत नाही. पण निम्म्या कराडची बाळंतपणं तुमच्या हातची, असं लग्नात तुमच्या दिरांनी मला छाती फुगवून सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, असं आपण म्हणतो. त्या माहेरच्या लेकीने तुम्हाला साधी हाकही न मारता बाळंत व्हावं, हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

आणि घाबरलेली किती आहे ते तुम्हाला स्वानंदने सांगितलं नसणार, कारण तोही तितकाच घाबरलेला. आमच्या घरात बाळ हा शब्द बंद आहे. स्वानंद 'ते' म्हणतो. 'ते जुलैच्या शेवटी आहे', जणू गॅसचं बिल यायचंय. पाळणा नाही, दुपटं नाही, लोकरीचा एक मोजा नाही. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरावी म्हणून मी कपाटातून नुसता खण काढला, तर म्हणाली, 'मधुआई, प्लीज. हातात येईपर्यंत काही नको.' ती मला मधुआई म्हणते. नुसतं आई हे तुमच्यासाठी ठेवलंय, दोन वर्षं बोलत नसली तरी. मग मी ओठ मिटले. सून सातव्यात आणि घरात डोहाळजेवणाचं नाव काढायची चोरी. संध्याकाळी दिवा लावताना मी गणपतीलाच सांगायचे, बाबा रे, इथे बोलायला मला तू एकटाच उरलास.

एप्रिलात तिची रजा शिल्लक होती. डॉक्टरांनी विमानाला हरकत नाही म्हटलं आणि स्वानंदने माल्टाचा आठवड्याचा हॉलिडे बुक केला, आमच्या दोघांसकट. मी म्हटलं, आम्हाला कशाला, आम्हाला आपला जवळचा बॉर्नमथचा किनारा पुरे, डबा घेऊन जाता येतं. पण हे, म्हणजे स्वानंदचे बाबा, एरवी माझ्याहून चिकट, त्यांनीच बॅग आधी खाली काढली. माझ्या बॅगेत काय भरलं ते मी कोणाला दाखवलं नाही. नारळ, खण, तांदळाची पुरचुंडी, हळदीकुंकवाची डबी आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या भारतीय दुकानांतून आणलेला हिरवा चुडा. वापरायला मिळेल असं मुळीच वाटत नव्हतं. पण घरी ठेवून गेले असते तर मीच हात टेकले असं झालं असतं.

विमानतळावर त्या मशीनने माझीच बॅग बाजूला ढकलली. निळे हातमोजे घातलेली एक बाई एकेक वस्तू बाहेर काढून मांडू लागली, मागे सगळी रांग बघतेय. नारळ वर धरून तिने विचारलं, हे काय आहे. शेंडीसकट नारळ कोणाला कळत नाही, पण तिला नियमाप्रमाणे माझ्या तोंडून ऐकायचं असावं. मी म्हटलं, 'कोकोनट.' माल्टाला कोकोनट कशाला, तर हे मागून पुटपुटले, 'नवऱ्याच्या डोक्यात घालायला म्हण, म्हणजे दोघं इथेच राहू.' मी म्हटलं, 'फॉर प्रेयर.' तिने तो कानाशी नेऊन हलवला, आत पाणी वाजलं, आणि तिचा चेहरा पडला, कारण पाणी न्यायची बंदी. ती साहेबाला विचारून आली. नारळ देवाचा म्हणून सुटला की साहेबाला भूक लागली होती म्हणून, कोण जाणे. शाल्मली दोन पावलांवर उभी होती. तिने नारळ पाहिला, खण पाहिला, बांगड्या पाहिल्या. विमानात पट्टा लावता लावता एवढंच म्हणाली, 'मधुआई, नाही हं.' मी म्हटलं, 'बरं.'

पहिले काही दिवस ते सगळं पलंगाखाली राहिलं. मग एका संध्याकाळी स्वानंद म्हणाला, उद्या गोझोला जाऊ. माल्टाच्या शेजारचं धाकटं बेट आहे. सकाळी मोठ्या फेरीबोटीने जायचं, दिवसभर हिंडायचं, संध्याकाळी परत. बोट म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं असेल हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे डोहाळजेवणं तरी किती तऱ्हेची, बागेतलं, चांदण्यातलं, झोपाळ्यावरचं, नावेतलं. नावेतल्यासाठी बायका बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याची नाव उभी करतात, खाली निळी चादर पसरतात, आणि वल्हं म्हणून पोटुशीच्या हातात काठी देतात. इथे तर देवाने खरी नाव आणि खरा समुद्र पुढ्यात आणून ठेवला होता. पहाटे उठून भाड्याच्या घरातल्या इवल्याशा शेगडीवर साखरभात केला, मेथीचे पराठे लाटले, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरले. डबा तर पिकनिकला कोणीही नेतं. पलंगाखालची पिशवीही सोबत घेतली, ओझ्याला ओझं.

बंदरात छोट्या होड्या बांधलेल्या होत्या, निळ्यापिवळ्या, आणि प्रत्येकीच्या नाकाशी दोन डोळे रंगवलेले. दृष्ट लागू नये म्हणून, असं टॅक्सीवाल्याने सांगितलं. त्या लोकांशी माझं तिथेच जमलं. आणखी एक गंमत म्हणजे त्या बोटीला जाताना तिकीट घेत नाहीत, परत येताना घेतात. यांनी तिथल्या माणसाला विचारलं, 'आणि परत आलोच नाही तर?' तो म्हणाला, 'मग लग्न करून राहा, माझ्या मावशीला नवरा हवाय.' हे दिवसभर त्या मावशीची चौकशी करत होते.

वरच्या डेकवर बाकं होती आणि वारा असा की बोलणं तोंडातून पळवून नेत होता. शाल्मली कठड्याशी उभी राहिली, एक हात पोटावर. बोट सुटली तेव्हा पायाखालचा डेक यंत्रासारखा थरथरायला लागला, आणि त्या थरथरीने आतलं माणूस जागं झालं असावं, कारण ती एकदम वाकली आणि हसली. किती महिन्यांनी हसली म्हणून सांगू. मग मी काही विचारलेलं नसताना माझ्याकडे वळून म्हणाली, 'नारळ आणलाय ना तुम्ही?' मी समुद्राकडे बघत राहिले. 'आणलाच असणार. मग काय करायचं ते इथेच करा. जमिनीवर नको. पाण्यावर केलेलं मोजत नाहीत. आणि डोहाळजेवण म्हणायचं नाही, पिकनिक म्हणायचं.' कोण मोजत नाही, हे मी विचारलं नाही. एवढ्या परीक्षा दिलेली डॉक्टर, रोज इमर्जन्सीत माणसं वाचवणारी, आणि माझ्या आजीसारखी नशिबाला हुलकावणी द्यायला निघालेली. माझी पिशवी तोवर उघडूनही झाली होती.

पण ओटी भरायची तर पाच सवाष्णी हव्यात, आणि बोट अर्ध्या तासाच्या आत पलीकडे टेकणार. हे म्हणाले, 'मी बायका आणतो', आणि ज्या माणसाने हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात सगळी नोकरी 'श्वास रोखून धरा' एवढ्या एका वाक्यावर काढली, तो अनोळखी बायकांपुढे जाऊन विचारू लागला, 'एक्सक्यूज मी, आर यू मॅरीड?' मार बसला नाही ही देवाची कृपा. पहिली मिळाली लेस्टरची गुजराती बाई, मीनलबेन. तिला काही सांगावंच लागलं नाही, 'सीमंत छे?' म्हणत चपला काढून हजर. दुसरी यॉर्कशरची, गुलाबी टोपीतली. ती यांना म्हणाली, 'दोनदा झालंय, लव्ह, तिसऱ्यांदा विचारू नकोस.' तिसरी बोटीवरच्या कॅन्टीनमधली, तिचं लग्न झालेलं नव्हतं, पण जोडीदार आहे आणि मुलं आहेत म्हणाली. मी जरा घुटमळले तर हे म्हणाले, 'शास्त्रात पार्टनरला मनाई कुठे लिहिलीय, दाखव.' चौथी तिथलीच एक म्हातारी, काळ्या झग्यातली, मांडीवर पावांची पिशवी. तिला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण पोट आणि नारळ बघून तिने छातीवर क्रॉस काढला आणि आपणहून उठून आली. पाचवी मी.

शाल्मलीच्या अंगात ढगळ झगा, पदर कुठला. माझी हिरवी शाल तिच्या खांद्यांवरून घेऊन पुढे धरायला दिली. हात सुजलेत तिचे, चुडा चढेना, तर मीनलबेनने पर्समधून क्रीम काढून चोळलं आणि गाणं गुणगुणत एकही बांगडी न पिचवता चढवला. मग मी तांदळाची मूठ भरली आणि थांबले. पहिली ओटी माहेरची असते. तो मान मला घेववेना आणि मोकळी जागा सोडून पुढेही जाववेना. म्हणून ती मूठ मी तुमच्या नावाने घातली, आणि मनात नाही, तर मोठ्याने म्हणून, 'ही कराडची.'

ती खाली बघत होती, तिने मान वर केली. म्हणाली, 'पण आईला चालतं का? बाबा गेल्यापासून ती कोणाची ओटी भरत नाही. मावशीकडेसुद्धा मागे उभी राहून फोटो काढते.' तेवढ्यात मीनलबेन माझ्या कानाला लागल्या, की ती म्हातारी काळ्यात आहे, इथल्या विधवा काळं घालतात, तुम्हाला कळलं नाही का. आणि म्हातारीने तोवर नारळ उचलून शाल्मलीच्या ओटीत ठेवला होता, तिच्या पोटावरून हात फिरवला होता, आणि काही तरी पुटपुटून स्वतःच हसतही होती. ताई, मी चातुर्मास पाळणारी बाई आहे, एकादशी कधी मोडलेली नाही. पण तो हात तिने मागे घ्यावा असं मला वाटलं नाही. उलट वाटलं, एवढ्या लांबून कोणी तरी पाठवलाय. मी शाल्मलीला म्हटलं, 'चालतं. बोटीवर सगळं चालतं, तूच म्हणालीस.' मीनलबेननीही मग म्हातारीला कुंकू लावलं. यॉर्कशरच्या बाईला वाटलं वाढदिवसच आहे, तिने हॅपी बर्थडे सुरू केलं, तिला कोणी थांबवलं नाही. डब्यांच्या झाकणांत साखरभात वाटला. कॅन्टीनवालीने दुसऱ्यांदा मागून घेतला आणि केशर कुठल्या दुकानात मिळतं ते विचारलं. स्वानंद प्रत्येकाला 'पिकनिक, पिकनिक' म्हणून सांगत फिरत होता.

बेटाबद्दल काय लिहू. मधाच्या रंगाचा दगड, त्याच दगडाची घरं, बांध घातलेली लहान लहान शेतं, आणि निवडुंगाची कुंपणं थेट आपल्या माण-खटावकडे असतात तशी. फरक एवढाच की मान वर केली की चहूकडे समुद्र. काठाला खडकातच चौकोन कोरून मिठागरं केलीत. तिथलं मूठभर मीठ मी घेतलं आणि घरी परतल्यावर त्यानेच तिची दृष्ट काढली. दुपारी बस आम्हाला एका मोठ्या देवळापाशी घेऊन गेली, म्हणजे त्यांच्या चर्चला. ओसाड शेतात एकटंच उभं आहे. आत देवीपुढे हात जोडले. देवीच ती, मांडीवर मूल आहे. बाजूच्या खोल्यांत भिंती भरून फेडलेले नवस टांगलेले. मला वाटत होतं की नवस आपल्यातच बोलतात. तिथे कुबड्या होत्या, मोटारसायकलचं हेल्मेट होतं, हातापायांची प्लास्टरं होती, आणि एका भिंतीवर नुसते बाळांचे अंगरखे, टोपरी, मोजे. ज्यांची मुलं जगली त्यांनी आणून वाहिलेले.

शाल्मली नेमकी त्या भिंतीपुढे थांबली. इतके महिने जे घरात येऊ दिलं नाही ते सगळं एकदम समोर. बाहेर चल, ऊन कमी झालंय, असं काही तरी म्हणणार होते. तर ती म्हणाली, 'मधुआई, म्हणजे एवढ्या सगळ्या जणी घाबरल्या होत्या.' आणि तिथल्या बाकावर बसली, मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही ते मोजे बघत होतो. बाहेर एक बाई विणकामाचं मांडून बसली होती. शाल्मलीने पांढरं टोपरं उचललं, उलटसुलट केलं, शिवण तपासली आणि विकत घेतलं. पिशवीत टाकू देईना, स्वतःच्या खिशात घातलं. पैसे मी दिले, बाईने सांगितले तेवढे. मी घासाघीस केली नाही ही बातमी यांनी मुलाला दोनदा ऐकवली.

परतीच्या बोटीला वारा वाढला म्हणून आम्ही आत काचेशी बसलो. स्वानंद आणि हे चहाच्या रांगेत. सकाळी घाईत एक राहूनच गेलं होतं, ते मी तेव्हा विचारलं. म्हटलं, 'शाल्मली, डोहाळे काय लागलेत गं? इतके महिने तू काही मागितलंच नाहीस.' ती बांगड्या मागेपुढे करत राहिली. मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते, कारण ते तुमचं आहे. म्हणाली, 'मागच्या महिन्यात इमर्जन्सीत एक मुलगी आली होती, तिसऱ्या महिन्यातली. गेलं होतं. मी तिला सांगितलं, ही निसर्गाची निवड असते, तुझ्या हातात काही नव्हतं. अगदी आईचं वाक्य, मधुआई, आईच्याच आवाजात. आणि लगेच वळून कॉम्प्युटरकडे बघायला लागले. कारण आणखी एक क्षण तिच्याकडे बघितलं असतं तर मला पुढचा पेशंट बघता आला नसता. दुसरं वाक्यच नसतं हो तिथे. मग कळलं आईने फोन का ठेवला. तिच्यापुढे तर परकी पेशंट नव्हती, मी होते.' मी म्हटलं, 'मग हे तिला सांग ना.' तर म्हणाली, 'दोन वर्षं झाली. आता कोणत्या तोंडाने?' बोट हलत होती, समोर एक लहान मूल काचेवर तोंड दाबून पाणी बघत होतं. मग ती म्हणाली, 'खायचं काही नाही. मिडवाइफ येते, टेपने मोजते, छान आहे म्हणते. मला आईने पोटाला हात लावून सांगायला हवंय, बाळाचं डोकं कुठे आहे. आई एका हाताने सांगते. लहानपणी दवाखान्यात मी दाराआडून बघायची. हात ठेवला की बायकांचा चेहराच बदलायचा.' तेवढ्यात चहा आला, आणि तिने बाळ म्हटलं हे स्वानंदला सांगायला मी विसरले.

आता पत्र का लिहिलं ते. सुनेचे डोहाळे पुरवणं हे सासरचं काम. चिंचा म्हणाली असती, खर्वस म्हणाली असती, तर मी इंग्लंडभर हिंडून आणला असता. तिने एवढा एकच सांगितला आणि तो माझ्या हाताने पुरा होणारा नाही. परवा तिला सांगितलं की मी तुझ्या आईला लिहितेय. नको म्हणाली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, 'तिला सुट्टी नाही मिळायची, पावसाळ्यात तिच्याकडे जास्त गर्दी असते', म्हणजे मनातल्या मनात तिचं तुम्हाला कधीच बोलावून झालंय, फक्त तोंडातून निघत नाही. तेव्हा जूनच्या शेवटी या, व्हिसाचे कागद स्वानंद पाठवेल, दवाखाना महिना-दोन महिने कोणावर तरी सोपवा. इथे बाळंतपणाच्या खोलीत दोघांना घेतात. एक स्वानंद, आणि दुसरी मी, असं तिने मला सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी देवापुढे पेढे ठेवले होते. मला मुलगी नाही, ताई. ती जागा सोडताना जीव थोडा होतो, पण ती जागा तुमची आहे आणि मी घरी बसून अळिवाचे लाडू करणार आहे. इथे तुम्हाला कोणी मागे उभं करणार नाही, फोटो यांना काढू देत. त्या दिवशीचं काही तिच्याशी उगाळायचीही गरज नाही. तिला डॉक्टरीण आणि आई वेगळ्या करून नकोत, एकत्रच हव्यात. चहा मी टाकलेलाच असेल, तो नंतर घेऊ. आल्या आल्या आधी हात धुवा आणि तिला सांगा, बाळाचं डोकं कुठे आहे ते.

तुमच्या वाटेकडे डोळे लावलेली,
तुमचीच विहीण
मधुमती